फोर-व्हील गाडीला दोनच नवे टायर? आधी हिशेब करा

आपल्या व्यापारी आणि कारागीर बांधवांकडे गेल्या दहा-पंधरा वर्षांत चारही चाकांना जोर देणाऱ्या गाड्या बऱ्याच आल्या आहेत. डोंगराळ भागातील आठवडी बाजारांना माल नेणाऱ्यांनी बोलेरो कॅम्पर फोर-व्हील घेतली. कोकणात पावसाळ्यात चिखलाच्या वाटेने घरापर्यंत जावे लागते म्हणून कोणी थार घेतली. पुष्कळांनी जुन्या बाजारातून एक्सयूव्ही ५००, डस्टर किंवा फॉर्च्युनर घेतली. नवी परवडत नाही, जुनी बऱ्याच कमी किमतीत मिळते, आणि घरची माणसे व नमुन्यांच्या पेट्या दोन्ही तीत मावतात. सौदा वाईट नाही. मात्र या गाड्यांचा एक खर्च असा आहे की, तो विकणारा सांगत नाही, टायरवाला बहुधा सांगत नाही, आणि मिस्त्री सांगतो तेव्हा उशीर झालेला असतो. हा खर्च टायरच्या मापाशी निगडित आहे.

आमच्या बाजारातील एका कापड व्यापाऱ्याचेच उदाहरण घ्या. त्यांनी चारही चाकांना जोर असलेली एक जुनी एक्सयूव्ही ५०० घेतली. टायर निम्म्याहून अधिक झिजलेले होते, पण चालण्याजोगे होते. काही महिन्यांनी महामार्गावर एका खड्ड्यात पुढचा एक टायर बाजूने फाटला. त्यांनी टायरवाल्याचा सल्ला घेतला. तो म्हणाला, जोडी बदला, पुढे दोन नवे टाका, मागचे अजून पंधरा हजार किलोमीटर सहज जातील. साध्या गाडीसाठी हा सल्ला अगदीच चुकीचा म्हणता येणार नाही. त्यांनी दोन नवे टायर टाकले, दोन टायरचे पैसे वाचले म्हणून समाधान मानले. चार-पाच महिन्यांत घाट चढताना गाडीखालून जळक्या तेलासारखा वास येऊ लागला, मग डॅशबोर्डवर इशाऱ्याचा दिवा लागू लागला, आणि शेवटी गॅरेजवाल्याने मागच्या चाकांना जोर पोचवणारा कपलिंगचा भाग निकामी झाल्याचे सांगितले. दोन टायरच्या किमतीच्या कितीतरी पट बिल झाले. विम्याकडे गेले तर तेथूनही हात हलवीत परत यावे लागले, त्याचे कारण पुढे सांगूच.

टायरवाल्याने फसविले असे आम्ही म्हणत नाही. गाडी दोन चाकांना जोर असलेली आहे की चारही, हे त्याने विचारले नाही आणि गिऱ्हाइकाने सांगितले नाही. एकाच नावाची गाडी दोन्ही प्रकारांत येते, बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात, आणि सारा घोटाळा तेथूनच सुरू होतो.

बिघाड कसा होतो

गाडी वळते तेव्हा बाहेरच्या बाजूचे चाक जास्त अंतर कापते व आतले कमी. दोन्ही चाके एकाच दांड्यावर घट्ट बसविली तर एकाला घासत जावे लागेल. म्हणून त्या दोहोंच्या मध्ये डिफरन्शियल असते. ते दोन्ही चाकांना जोर देते, पण कमी-जास्त फिरण्याची मोकळीकही ठेवते. साध्या गाडीत असे एक डिफरन्शियल पुरते. चारही चाकांना जोर देणाऱ्या गाडीत एक पुढे, एक मागे असते, आणि शिवाय पुढचा व मागचा शाफ्ट जिथे जोडला जातो तिथे काहीतरी लागते, कारण वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठा फेरा मारतात. ही मधली जोडणी हाच आपल्या विषयाचा गाभा होय.

ज्या बांधवांचा पावरलूमशी संबंध आहे त्यांना हे चटकन समजेल. मागावर विणलेले कापड पुढे ओढणारा रोलर असतो, त्यावर खरखरीत एमरीचा पत्रा चढविलेला असतो. तो रोलर एका ठरावीक गतीने फिरतो, आणि एका फेऱ्यात किती कापड पुढे जाईल हे त्याच्या घेरावर ठरते. रोलर झिजून घेर कमी झाला, तर फेरे तेवढेच, पण कापड कमी ओढले जाते, आणि इंचातले बाण्याचे धागे वाढतात. आता कल्पना करा की, एकच कापड दोन रोलर ओढत आहेत, दोघांना एकाच गिअरने बांधले आहे, पण एकाचा घेर नवा आहे आणि दुसऱ्याचा झिजलेला. मधल्या कापडाचे काय होईल? एकतर ताणून फाटेल, नाहीतर एक रोलर कापडावर घसरत राहील. गाडीत रस्ता म्हणजे ते कापड होय. फरक इतकाच की, रस्ता फाटत नाही, आणि ताण सारा गिअरांवर येतो.

आता आकड्यांचा हिशेब करू. हिशेब व्यापाऱ्याला लवकर पटतो.

एक्सयूव्ही ५०० च्या बऱ्याच गाड्यांना २३५/६५ आर १७ असा टायर येतो. यातील २३५ म्हणजे टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ६५ म्हणजे बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, अर्थात सुमारे १५३ मिलिमीटर. १७ म्हणजे रिमचा व्यास इंचांत, म्हणजे जवळपास ४३२ मिलिमीटर. रिमच्या वर एक भिंत आणि खाली एक भिंत धरून टायरचा पूर्ण व्यास सुमारे ७३७ मिलिमीटर होतो, आणि घेर सुमारे २३१६ मिलिमीटर, म्हणजे सव्वादोन मीटरहून थोडा अधिक. असा टायर एका किलोमीटरात सुमारे ४३२ फेरे घेतो.

नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल असते. समजा मागचे टायर झिजून ३ मिलिमीटर उरले आहेत. त्रिज्या ५ मिलिमीटरने कमी झाली, व्यास १० ने आणि घेर ३१ मिलिमीटरने. शेकडा दीडपेक्षाही कमी फरक. कापडाच्या धंद्यात शेकडा दीड घट आली तर आपण भांडतही नाही. पण हा टायर आता किलोमीटरला सुमारे ४३८ फेरे घेतो, नव्यापेक्षा ६ जास्त. शंभर किलोमीटरात ६०० फेरे, दोनशेच्या प्रवासात १२००. हे फेरे वळणावर नाहीत, सरळ रस्त्यावर आहेत. वळणाचा फरक वळणापुरता असतो, सरळ झाला की यंत्राला उसंत मिळते. मापातला फरक गाडी सुरू झाल्यापासून थांबेपर्यंत एक क्षणही सोडत नाही. आणि शाफ्ट चाकापेक्षा कितीतरी पट फिरतो, तेव्हा शाफ्टवर हा फरक आणखी मोठा होऊन येतो.

हा फरक आगळ्या-मागळ्या जोडीत असेल तर सगळाच्या सगळा मधल्या जोडणीवर पडतो. एकच टायर वेगळा असेल तर त्या बाजूचे डिफरन्शियल निम्मा भार घेते आणि उरलेला निम्मा मध्ये जातो. म्हणून पुढे दोन नवे आणि मागे दोन जुने, ही मांडणी दिसायला नीटनेटकी असली तरी चार चाकांच्या गाडीला एका नव्या टायरपेक्षाही जास्त बाधते.

वरचा हिशेब नुसत्या झिजेचा झाला. छापील मापच वेगळे असेल तर गोष्ट आणखी बिघडते. २३५/६५ आर १७ ऐवजी दुकानात होता म्हणून २३५/६० आर १७ टाकला, तर रुंदी तीच, रिम तोच, पण व्यास ७३७ ऐवजी ७१४ मिलिमीटर होतो आणि घेरातला फरक शेकडा तीनच्या वर जातो. याउलट २३५/६० आर १८ चा व्यास सुमारे ७३९ निघतो, म्हणजे ६५ आर १७ च्या जवळजवळ बरोबर. रिम मोठा, भिंत लहान, हिशेब जुळला. म्हणून कंपनी एकाच गाडीच्या वेगवेगळ्या मॉडेलांना हे दोन्ही देऊ शकते. तात्पर्य, नुसता रिमचा आकडा किंवा नुसती रुंदी पाहून टायर जुळला असे समजू नये. आणि एकच छापील माप असले तरी दोन कंपन्यांच्या टायरचा खरा घेर थोडाफार निराळा असतो. रिमोल्ड टायरबद्दल तर विचारूच नका, वर किती रबर चढविले यावर त्याचे माप. ट्रकच्या धंद्यात रिमोल्ड खुशाल चालतो, चार चाकांना जोर असलेल्या गाडीत एखादाच घालू नये.

तुमची गाडी कोणत्या जातीची

सगळ्या फोर-व्हील गाड्या एकसारख्या नसतात, आणि धोकाही प्रत्येकीत निराळा आहे.

पहिली जात म्हणजे लीव्हर किंवा बटणाने फोर-व्हील लावावी लागते अशी. जुनी जिप्सी, थार, बोलेरो कॅम्पर फोर-व्हील, जिम्नी, २०१६ नंतरची फॉर्च्युनर फोर बाय फोर, ही सगळी याच जातीची. यांत मधले डिफरन्शियल नसते. फोर-व्हील लावली की ट्रान्सफर केस पुढचा आणि मागचा शाफ्ट एकमेकांना घट्ट बांधते. चिखलात, वाळूत हे चालते, कारण चाके जमिनीवर थोडी घसरतात आणि ताण निघून जातो. कोरड्या डांबरी रस्त्यावर मात्र लावू नये, असे कंपनीच सांगते. टायर एका मापाचे असतील तर कोरड्या रस्त्यावर वळणावरच ताण चढेल. टायर कमी-जास्त मापाचे असतील तर सरळ जातानाही चढेल, स्टिअरिंग जड होईल, आणि लीव्हर काढू म्हटले तर निघणार नाही. अशा वेळी गाडी थोडी मागे घेतली की बहुधा लीव्हर सुटतो. लीव्हरवर जोर करू नये. या जातीच्या गाडीतला दिलासा असा की, दोन चाकांच्या चालीवर ठेवली तर मधल्या जोडणीवर काही बोजा येत नाही. गरजेपुरते दोन महिने ढकलता येतात.

दुसरी जात कायमच्या फोर-व्हीलची. २००९ साली आपल्याकडे आलेल्या पहिल्या पिढीच्या फॉर्च्युनरची फोर बाय फोर या प्रकारची होती. तिच्यात मधले डिफरन्शियल असते, त्यामुळे गाडी लगेच अडत नाही. पण ते डिफरन्शियल, जे वळणापुरते फिरायचे, ते अहोरात्र फिरत राहते. तेल तापते, पातळ होते, गिअर आणि वॉशर खातात. काही परदेशी गाड्यांत या जागी दाट सिलिकॉन तेलाचे कपलिंग असते. सतत घुसळल्याने ते तापून घट्ट धरून बसते आणि मग गाडी कोरड्या रस्त्यावर बांधल्यासारखी चालते. आखातात काम करणाऱ्या आपल्या कोकणी बांधवांना सुबारूच्या गाड्या ठाऊक असतील. त्या कंपनीने चारही टायरच्या घेरांत पाव इंचापेक्षा, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नसावा असे सांगून ठेवले आहे. खोलीच्या भाषेत बोलायचे तर नक्षीत केवळ १ मिलिमीटरचा फरक. इतकी कडक मर्यादा सगळ्या कंपन्यांची नाही, तरी तिच्यावरून विषयाचे गांभीर्य कळावे.

तिसरी जात म्हणजे आपण होऊन लागणारी. एक्सयूव्ही ५०० आणि एक्सयूव्ही ७०० ची एडब्ल्यूडी, २०१४ साली आलेली डस्टर एडब्ल्यूडी, टाटा हेक्साची फोर बाय फोर, जीप कंपास, ग्रँड विटाराची ऑलग्रिप, या सर्वांत मध्ये क्लचच्या चकत्यांचे कपलिंग असते आणि ते कॉम्प्युटर चालवितो. प्रत्येक चाकाजवळ फेरे मोजणारा सेन्सर असतो. एक जोडी दुसरीपेक्षा जास्त फिरते आहे असे दिसले की, कॉम्प्युटर समजतो चाक घसरले, आणि क्लच आवळतो. बिचाऱ्याला काय ठाऊक की चाक घसरलेले नाही, टायर झिजलेला आहे! मग क्लच आवळायचा, सोडायचा, पुन्हा आवळायचा, आणि प्रत्येक वेळी चकत्या घासून तापायच्या. आमच्या त्या व्यापारी मित्राच्या गाडीत हेच झाले. काही गाड्यांत कपलिंग तापले की कॉम्प्युटर ते बंद करून दिवा लावतो. दिवा पाहून गाडी बाजूला घ्यावी, थंड होऊ द्यावी, आणि थंड झाली म्हणून विषय संपला असे समजू नये. डस्टरसारख्या गाडीत टू-व्हीलवर ठेवण्याचे बटण आहे, त्याचा उपयोग करावा. ज्यांत असे बटण नाही त्यांत सुटका नाही.

एबीएस आणि गाडी सावरणाऱ्या यंत्रणाही याच सेन्सरच्या आकड्यांवर चालतात. आकडे खोटे असतील तर त्यांचेही अंदाज बिघडतात, आणि पावसात घाट उतरताना हा प्रश्न पैशांचा राहत नाही, जिवाचा होतो. शिवाय दोन टायर नवे आणि दोन गोटा झालेले असतील तर ओल्या रस्त्यावर पकडच वेगवेगळी असते.

पैशांची बाजू

विम्याचे सांगतो. मोटार विम्याच्या पॉलिसीत झीज आणि यांत्रिक किंवा विद्युत बिघाड हे स्पष्ट वगळलेले असतात. अपघात झाला, पूर आला, चोरी झाली तर विमा. ट्रान्सफर केस आतून खाल्ली गेली तर ती अपघातात बसत नाही. खुद्द टायरचेही तसेच आहे, गाडीचे इतर नुकसान त्याच वेळी झाले तरच टायर धरतात, आणि तोही निम्म्या किमतीने. कंपनीची वॉरंटी असेल तर तेथेही मिस्त्री प्रथम टायर पाहतो, आणि माप जुळत नसेल तर बोलणेच खुंटते.

टायरवरील जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला आहे, त्यामुळे चारचा संच घेणे पूर्वीइतके जड राहिलेले नाही. नोंदणीकृत व्यापाऱ्यांनी एक गोष्ट आपल्या हिशेबनीसाशी बोलून घ्यावी. धंद्यासाठीच वापरात असलेली मालवाहू गाडी असेल तर तिच्या टायरवरचा कर परत धरता येतो. एक्सयूव्ही किंवा फॉर्च्युनरसारखी तेरा माणसांपर्यंतची प्रवासी गाडी दुकानाच्या नावावर असली तरी तिच्या टायरवरचा व दुरुस्तीवरचा कर सामान्य व्यापाऱ्याला धरता येत नाही. म्हणजे कपलिंग गेले तर बिलावरचा करही आपल्याच खिशातून.

तेव्हा करावे काय? पहिली गोष्ट, चार टायर हा एकच माल आहे असे मानावे. कापडात आपण एका सुटाला दोन लॉटचे कापड लावीत नाही. रंगाचा नंबर तोच असला तरी दुसऱ्या लॉटची छटा उजेडात वेगळी दिसते हे लहान पोरालाही ठाऊक आहे. टायरचेही तसेच. एक कंपनी, एक माप, एक नक्षी, आणि होता होईल तो एकाच सुमारास तयार झालेले चार. टायरच्या बाजूवर शेवटी चार आकडे असतात. २३२४ असेल तर २०२४ सालच्या २३ व्या आठवड्यात तो तयार झाला.

दुसरी गोष्ट, चाकांची अदलाबदल. दर दहा हजार किलोमीटरला पुढची मागे, मागची पुढे, पुस्तकात दिलेल्या क्रमाने. स्टेपनी त्याच मापाची आणि त्याच रिमची असेल तर तिलाही या फेऱ्यात घ्यावे. याचा मोठा लाभ आहे. पाचही टायर सारखे झिजले की, एखादा फाटल्यास स्टेपनी त्याच्या जागी बसते, माप जुळते, आणि नवा एक टायर घेऊन तो स्टेपनीत ठेवता येतो. आमच्या त्या मित्राच्या गाडीची स्टेपनी वर्षानुवर्षे कोरी पडून होती. ती फेऱ्यात असती तर एका टायरच्या पैशांत काम भागले असते.

मात्र हल्ली बऱ्याच गाड्यांना अरुंद, लहान स्टेपनी येते. तिच्यावर ताशी ८० किलोमीटरची मर्यादा छापलेली असते. ती फक्त पंक्चरच्या दुकानापर्यंत जाण्यासाठी होय. तिच्यावर मुंबईहून गावी जाऊ नये. जुलै २०२० च्या नियमाने तर टायरची हवा दाखविणारी यंत्रणा आणि दुरुस्तीचा संच गाडीत असेल तर स्टेपनी न देण्याचीही मुभा कंपन्यांना मिळाली आहे. नवी गाडी घेताना मागचा दरवाजा उघडून हे पाहून घ्यावे.

एक टायर फाटला आणि बाकीचे तीन फारसे झिजलेले नसतील, म्हणजे फरक मिलिमीटर-दीड मिलिमीटरच्या आत असेल, तर त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा एक नवा टायर पुष्कळ गाड्यांत चालून जातो. आपल्या गाडीच्या पुस्तकात मर्यादा दिली असेल तर तीच मानावी. फरक जास्त असेल तर दोन वाटा उरतात. एक म्हणजे त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा आणि तेवढाच झिजलेला जुना टायर शोधणे. आपल्याकडे जुन्या टायरचा बाजार मोठा आहे, शोधणाऱ्याला मिळतो. फक्त आतून ठिगळ आणि बाजूच्या भिंतीवर भेगा आहेत का, ते पाहावे. अमेरिकेत नवा टायर यंत्रावर तासून जुन्याच्या मापाचा करून देणारी दुकाने आहेत, तिकडे लोकांनी या प्रश्नाची इतकी धास्ती घेतली आहे. आपल्याकडे तशी सोय सहसा मिळत नाही. दुसरी वाट चारही नवे टाकण्याची. काढलेले तीन चांगले टायर फुकट जात नाहीत. त्याच मॉडेलची दोन चाकांची गाडी वापरणारे शेकड्यांनी आहेत, त्यांना तेच माप लागते आणि त्यांच्या गाडीला एक जोडी नवी, एक जुनी चालते. टायरवाल्याने मनावर घेतले तर तोच गिऱ्हाईक पाहून देतो.

जुनी गाडी घेताना

जुनी फोर-व्हील पाहायला जाताना खिशात खडूचा तुकडा न्यावा. सुटाच्या कापडाला लावतो तो टेलरचा खडूही चालेल. शिवणाची फीत मात्र दीड मीटरची असते, आणि सव्वादोन मीटरच्या टायरला ती पुरत नाही. गाडी सपाट जागी उभी करावी, चारही टायरमध्ये पुस्तकात दिल्याप्रमाणे हवा भरून घ्यावी, कारण हवा कमी असली तरी फिरते माप थोडे घटते. मग गाडी न्यूट्रलवर आणि लीव्हरची असल्यास दोन चाकांच्या चालीवर ठेवावी. प्रत्येक टायर जिथे जमिनीला टेकतो तिथे त्याच्या बाजूवर खडूची खूण करावी आणि गाडी सरळ ढकलत न्यावी. एका नव्या टायरचे बरोबर दहा फेरे झाले की थांबावे, सुमारे तेवीस मीटर होतील. चारही खुणा पुन्हा खाली आल्या असतील तर माप जुळले. वर सांगितलेल्या ८ आणि ३ मिलिमीटरच्या उदाहरणात झिजलेल्या टायरची खूण फेऱ्याच्या सुमारे सातव्या हिश्श्याने, म्हणजे जवळपास फूटभर, पुढे गेलेली दिसेल. यासाठी मिस्त्रीही लागत नाही.

मग गाडी मोकळ्या मैदानात पूर्ण स्टिअरिंग वळवून सावकाश गोल फिरवावी, लीव्हरची असल्यास दोन चाकांच्याच चालीवर. धक्के बसत असतील, खालून कट-कट आवाज येत असेल किंवा चाक ओढल्यासारखे वाटत असेल तर आत काहीतरी खाल्ले गेले आहे असे समजून चालावे. वीस-पंचवीस किलोमीटर चालवून ट्रान्सफर केस आणि मागच्या हाऊसिंगजवळ वास घ्यावा. आणि टायर काळ्या पॉलिशने चकचकीत केलेले असतील तर खाचेत बोट घालून पाहावे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी बाजारातील धान्याच्या ढिगात हात घातला तेव्हा वर कोरडे आणि आत ओले निघाले होते, ही हदीस आपल्यापैकी बहुतेकांनी ऐकली असेल. गाडी विकणाऱ्या बांधवांनीही ती आठवावी. टायर बेजोड असतील तर ऐब सांगून सौदा करावा, आणि घेणाऱ्याने चार टायरची किंमत त्यातून वजा करून मागावी. हा रास्त सौदा होय, त्यात कोणाचा अपमान नाही.

आपल्या समाजात टायर, पंक्चर आणि गॅरेजच्या धंद्यात पुष्कळ माणसे आहेत. महामार्गावर रात्री-अपरात्री अडलेल्या गाडीला हात देणारा बहुधा आपलाच कोणी असतो. त्यांना एकच विनंती आहे की, दोन टायर मागणाऱ्या गिऱ्हाइकाला गाडी फोर-व्हील आहे काय, हे विचारावे. शंका असेल तर खाली वाकून पाहावे. एक्सयूव्ही किंवा डस्टरसारख्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट दिसला, किंवा थार-बोलेरोसारख्या गाडीत पुढच्या चाकांकडे जाणारा दिसला, की समजावे चारचा मामला आहे. गिऱ्हाईक तरी दोनच घ्या म्हणाले तर द्यावेत, पण सांगून द्यावेत. अडलेली अशी गाडी क्रेनने दोन चाके उचलून ओढीत नेऊ नये, तिला सपाट पाठीच्या गाडीवर चढवावी. दोन चाके हवेत आणि दोन रस्त्यावर, म्हणजे मापातल्या फरकाचे सगळ्यात वाईट रूप झाले.

टायर घेतल्यावर बिलावर कंपनी, माप आणि चारही टायरचे ते आठवड्या-सालाचे आकडे लिहून घ्यावेत, आणि खाली त्या दिवशीचे किलोमीटर. पुढच्या वेळी एखादा फाटला तर हाच कागद घेऊन बाजारात जावे, दुकानदाराला काय हवे ते समजावीत बसावे लागणार नाही.